सणातला गरिबाचा वाटा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर धर्मशास्त्रं वाचली, आणि ती कुठल्या एका धर्माची नव्हेत. म्हणूनच आजचा विषय निवडताना मला संकोच वाटला नाही. ज्यू धर्मशास्त्रात सणाच्या दिवशी गरिबाला काय द्यावं, किती द्यावं, केव्हा द्यावं आणि दिल्यावर त्यावर कुणाचा हक्क, याचे बारीकसारीक नियम आहेत. ते दोन हजार वर्षं घासूनपुसून वापरले गेले आहेत. आज त्यांतल्या काहींबद्दल बोलणार आहे.

दानाचा विषय निघाला की बोलणं बहुधा देणाऱ्याभोवती फिरतं. त्याची ऐपत, त्याची श्रद्धा, त्याच्या पदरी पडणारं पुण्य. ज्यू शास्त्रातही हे सगळं आहे. पण सणाच्या दिवशी या शास्त्राची नजर घेणाऱ्यावर जाते. त्याच्या घरी आज सण झाला का? त्याचं पोट भरलं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची सोय वर्षभर लावलेली असते. सणाचं दान त्याखेरीज असतं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, की या शास्त्रात गरिबाला सणाचा आनंद मिळणं हा सणाच्या विधीचाच भाग आहे. तो वगळला तर उरलेला विधी अपुरा राहतो.

सुरुवात तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथापासून करू. अनुवाद या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात शावुओत आणि सुक्कोत या सुगीच्या सणांची आज्ञा आहे. आनंद करा, असं तिथे सांगितलं आहे, आणि लगेच कुणीकुणी करायचा याची यादी येते: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गावातला लेवी, परका, पोरका आणि विधवा. लेव्यांना जमिनीचा वाटा नव्हता, परक्याला गोत नव्हतं, पोरक्याला आणि विधवेला कमावता माणूस नव्हता. ही सगळी माणसं घरधन्याच्या मुलामुलींबरोबर एकाच वाक्यात बसवली आहेत. लेवीय ग्रंथाचा तेविसावा अध्याय तर याहून चकित करतो. तो अध्याय म्हणजे वर्षाचं पंचांग आहे. सण, तिथ्या, अर्पणं. शावुओतचे विधी संपतात आणि मध्येच एक शेतीचा नियम येतो: कापणी करताना शेताचे कोपरे कापू नका, गळलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. त्यानंतर पंचांग पुन्हा पुढे सुरू. हा नियम चार अध्याय आधी येऊन गेलेला आहे, मग सणांच्या यादीत तो पुन्हा का घातला, हा प्रश्न जुन्या टीकाकारांनाही पडला. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. सण सुगीचा आहे, आणि सुगीत ज्याचा हिस्सा आहे त्याचा सणातही असणारच.

आता पुरिमकडे येतो, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. पुरिम हा अदार महिन्याच्या १४ तारखेचा सण, साधारण आपल्या होळीच्या आसपास येणारा. इराणच्या दरबारात ज्यूंच्या कत्तलीचा कट रचला गेला आणि एस्तेर राणीने तो उधळला, त्याची ही आठवण. एस्तेरच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातच सण कसा करायचा ते सांगितलं आहे: मेजवानी करावी, एकमेकांना पदार्थ पाठवावेत आणि गरिबांना भेटी द्याव्यात. तोरावरच्या जुन्या चर्चांचा मोठा संग्रह म्हणजे तलमूद; त्यातल्या पंडितांनी याचं मोजमाप ठरवलं. मित्राला पाठवायचे ते किमान दोन पदार्थ, एका माणसाला. गरिबांना द्यायच्या त्या किमान दोन भेटी, दोन माणसांना. ही जबाबदारी प्रत्येकावर आहे. जो स्वतः दानावर जगतो त्याच्यावरही आहे. त्यानेही आपल्याला मिळालेल्यातलं काही दुसऱ्या गरिबाला द्यायचं. प्रथमदर्शनी हा नियम क्रूर वाटेल. पण विचार करा, वर्षभर ज्याचा हात खाली आणि दुसऱ्याचा वर असतो, त्या माणसाला सणाच्या दिवशी देणाऱ्यांच्या रांगेत उभं करण्याचा दुसरा मार्ग कोणता?

एरवी दान मागणाऱ्याची चौकशी करावी की नाही, यावर तलमूदमध्ये वाद आहे. निर्णय असा झाला, की भुकेल्याची चौकशी करू नये, वस्त्र मागणाऱ्याची करावी. पुरिमच्या दिवशी हाही भेद गळून पडतो. त्या दिवशी जो हात पुढे करेल त्याला द्यायचं, हिशेब घालत बसायचं नाही. जिथे ज्यू नसलेल्या गरिबांनाही पुरिमचे पैसे द्यायची रीत आहे तिथे त्यांनाही द्यावं, असं शुल्हान आरूखमध्ये लिहिलं आहे. योसेफ कारो यांचा हा धर्मनियमांचा ग्रंथ, १५६५ साली व्हेनिसमध्ये छापला गेला, आणि आजही घरोघरी प्रमाण मानला जातो.

या नियमांतला एक छोटा वाद मला फार मोलाचा वाटतो. तलमूदच्या बाबा मेत्सिया या प्रकरणात तो येतो. पुरिमसाठी गावाने वर्गणी गोळा केली तर ती पुरिमलाच खर्च करायची, दुसऱ्या पुण्यकर्माकडे वळवायची नाही. वासरं घ्यायची, कापायची, गरिबांना जेवू घालायचं, आणि खरेदी करताना हात आखडायचा नाही. उरलं तर उरलेलं गावाच्या निधीत टाकायचं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे प्रश्न असा निघाला: गरिबाच्या हातात पुरिमचे पैसे पडले. त्याच्या वहाणेची वादी तुटली आहे. त्या पैशातून त्याने वादी घ्यावी का? रब्बी मेइर यांच्या नावावर सांगितलेलं मत असं, की घेऊ नये, गावकऱ्यांसमोर तशी अट घातली असेल तरच घ्यावी. लोकांनी पैसे सणाच्या जेवणासाठी दिले आहेत, चांभाराकडे जाण्यासाठी नाहीत. रब्बान शिमोन बेन गमलिएल यांचं मत मोकळं आहे. घेतली तर घेऊ द्या.

दोन्ही मतांमागे गरिबाचाच कळवळा आहे, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. पहिलं मत म्हणतं, याला एक दिवस तरी सणाचा घास मिळू दे; वर्षभराच्या नडीअडचणी त्या घासावर चाल करून येऊ देऊ नका. आणि गरिबाच्या घरात काय होतं ते आपण पाहिलेलं असतं. हातात चार पैसे आले की उधारीवाला दारात उभा असतो, आणि सण पुढच्या वर्षावर जातो. दुसरं मत म्हणतं, ज्याची वादी तुटली त्याला तिची किंमत तुमच्याहून जास्त कळते. पुढच्या काळात शास्त्राने तोल साधला तो असा: वर्गणी गोळा करणाऱ्या कारभाऱ्यांनी पैसे दुसरीकडे वळवू नयेत, पण एकदा ते गरिबाच्या हाती गेले की त्याने हवं ते करावं. क्राकोवचे रब्बी मोशे इस्सरलेस यांनी कारोंच्या ग्रंथावरच्या टिपणात हा खुलासा केला आहे. म्हणजे बंधन कारभाऱ्यांवर आहे आणि मोकळीक गरिबाला आहे. आज कितीतरी मदत योजनांत मी याच्या अगदी उलट पाहतो. वाटणाऱ्यांना सगळी मुभा, आणि घेणाऱ्याने पावती दाखवायची. म्हणून या वादीपाशी मी जरा जास्त थांबलो.

पुरिमचा दिवस ठरवतानाही गरिबाचा विचार आहे. जुन्या काळी खेड्यातले लोक सोमवारी आणि गुरुवारी बाजाराला शहरात येत, तेव्हा त्यांना सोयीसाठी पुरिमला होणारं एस्तेरच्या पुस्तकाचं वाचन काही दिवस आधी करायची मुभा होती. मग दान कधी करायचं? तलमूद सांगतो, ज्या दिवशी वाचन त्याच दिवशी गोळा करायचं आणि त्याच दिवशी वाटायचं, कारण गरिबांचे डोळे वाचनाकडे लागलेले असतात. वाचन झालं म्हणजे आता मिळणार, हे त्यांना ठाऊक असतं. मेजवानी मात्र तिच्या तिथीलाच. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, एस्तेरचं वाचन का करत नाहीत, याचं एक कारण रब योसेफ यांनी हेच दिलं आहे: शब्बाथला पैशाला हात लावता येत नाही, मग वाचन होईल आणि गरिबांचे हात रिकामे राहतील. हा नियम जुन्या पोथीत पडून राहिलेला नाही. यरुशलेमसारख्या प्राचीन तटबंदीच्या शहरात पुरिम १५ तारखेला असतो. २०२५ साली ती १५ तारीख शनिवारी आली. तेव्हा यरुशलेममध्ये वाचन आणि गरिबांचं दान शुक्रवारी झालं, मेजवानी रविवारी.

एस्तेरची गोष्ट इराणची, पण तिच्या सणाचे आणि इतर सणांचे नियम सर्वांत नेटकेपणाने मांडले ते इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका वैद्याने. मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनिदिस, बाराव्या शतकात जुन्या कैरोत, फुस्तातमध्ये राहत. त्यांचा मिश्ने तोरा हा ग्रंथ कायद्याच्या कलमांसारखा कोरडा आणि काटेकोर. पण सणांच्या प्रकरणात एका जागी लेखणी तापते. आधी ते सांगतात की सणाला घरातल्यांना खूश करावं. मुलांना सुका मेवा आणि गोडधोड, बायकोला ऐपतीप्रमाणे कपडे नि दागिने, पुरुषांना मांस आणि मद्य. आणि लगेच बजावतात, की जो अंगणाचं दार लावून बायकापोरांसह खातोपितो आणि गरिबांना, दुःखितांना जेवू घालत नाही, त्याचा आनंद धर्माचा नाही, नुसता पोटाचा आहे. पुढे ते संदेष्ट्यांची अशी कठोर वचनं आणतात की ती इथे सांगायलाही जड जावं. पुरिमबद्दल लिहिताना ते हिशेबच मांडून दाखवतात: मेजवानीवर आणि मित्रांच्या ताटांवर जास्त खर्च करण्यापेक्षा गरिबांच्या भेटींवर करावा, कारण गरीब, पोरके, विधवा आणि परके यांचं मन आनंदित करण्याएवढा मोठा आनंद नाही.

मैमोनिदिस हे हवेत लिहीत नव्हते. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये जुने कागद टाकण्याची एक खोली होती. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही म्हणून तिथे साठवायचे, आणि त्याबरोबर इतर हजारो चिठ्ठ्याचपाट्याही गेल्या. १८९६-९७ मध्ये सोलोमन शेख्टर यांनी त्यांचा मोठा भाग केंब्रिजला नेला. पुढे एस. डी. गॉइटाइन यांनी आयुष्य घालवून त्यांतून त्या समाजाचं रोजचं जगणं उभं केलं. त्यात दानाच्या याद्या आहेत: मंगळवारी आणि शुक्रवारी कुणाला किती भाकऱ्या दिल्या, कुणाला गहू, कुणाला कपडा. माणसांची नावं आहेत, आणि जिथे नाव नाही तिथे ओळख: अमक्याची विधवा, तमक्या गावाहून आलेला परका. आणि गरिबांची पत्रंही आहेत. सण जवळ आला आहे, घरात काही नाही, अशी विनवणी त्यांत पुन्हा पुन्हा येते. ज्यांना भाकरी नियमाने मिळत होती अशा समाजातही सणाआधी वेगळी मागणी होत होती. सणावर आपला हक्क आहे हे त्यांना शास्त्राने शिकवलं होतं. मैमोनिदिस यांच्या लिखाणातलं ते बंद दार अशाच वस्तीतलं असणार, असं मला वाटतं.

पेसाह, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण, हा सण गरिबाला सर्वांत अवघड. सात-आठ दिवस फुगलेलं पीठ घरात चालत नाही, नेहमीची स्वस्त भाकरी बंद. बेखमीर मात्सा लागतो, आणि सेदेरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या जेवणाच्या, रात्री चार प्याले द्राक्षमद्य. तलमूदचा पाया असलेल्या मिश्नाच्या पेसाहीम प्रकरणात, दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच कलमात या रात्रीच्या गरिबाचा उल्लेख आहे. इस्राएलातल्या सर्वांत गरिबानेही त्या रात्री लोडाला टेकून, मोकळ्या माणसासारखं जेवायचं, आणि त्याला चार प्याल्यांहून कमी द्यायचं नाही, मग ते गावाच्या अन्नछत्रातून का द्यावे लागेनात. मिसरातल्या गुलामीतून सुटल्याची रात्र आहे. त्या रात्री कुणी गुलामासारखं उकिडवं बसून जेवलं तर सगळ्यांच्याच सुटकेला उणेपणा आला.

इथे शास्त्रात एक ताण आहे आणि तो लपवलेला नाही. रब्बी अकिवा यांचं प्रसिद्ध मत असं, की शब्बाथचं जेवण साध्या दिवसासारखं करा पण लोकांपुढे हात पसरू नका. पण चार प्याल्यांच्या बाबतीत अकिवाही मान्य करतील, असं तलमूद म्हणतो. इथे सुटकेच्या चमत्काराची जाहीर वाच्यता करायची असते. म्हणून दानावर जगणाऱ्यानेही अंगरखा विकावा, उसनवारी करावी, मजुरी करावी, पण प्याले चुकवू नयेत. हा नियम एकटा वाचला तर गरिबावर जुलूम वाटेल. पण त्याच्यासमोर गावावरचा नियम ठेवून वाचला की अर्थ लागतो: गरिबाने अंगरखा विकण्याची वेळ येऊ नये म्हणून गावाने आधीच पोचायचं.

आणि गाव पोचत असे. पेसाहच्या आधी गरिबांना गहू वाटण्याची रीत यरुशलेम तलमूदइतकी जुनी आहे. गावात बारा महिने राहिलेल्या माणसाला या पट्टीत आपला हिस्सा द्यावा लागे, आणि तेवढंच राहिलेल्या गरिबाला त्यातून मिळे. शुल्हान आरूखमध्ये पेसाहचा भाग सुरू होतो तिथे, पहिल्याच कलमावर इस्सरलेस यांचं टिपण या गव्हाबद्दल आहे. घर कसं झाडायचं, भांडी कशी उकळायची, हे सगळं नंतर. नंतरच्या भाष्यकारांनी आणखी एक कलम जोडलं: विद्वानांना इतर करांतून सूट असली तरी यातून नाही. गव्हाऐवजी पुढे पीठ आलं, मग मात्सा, बटाटे, तेल, शिध्याच्या पिशव्या. शिकागोमध्ये याच कामासाठी १९०८ पासून चालत आलेली संस्था आजही सणाआधी स्वयंसेवकांकरवी घरोघर शिधा पोचवते.

ब्रिस्कचे रब्बी योसेफ दोव सोलोवेचिक यांची एक गोष्ट सांगितली जाते. पेसाहच्या आधी एक बाई विचारायला आली, चार प्याले दुधाचे घेतले तर चालतील का? रब्बींनी उत्तर देण्याऐवजी तिच्या हातात बरेच पैसे ठेवले. ती गेल्यावर पत्नीने विचारलं, मद्याला एवढे लागतात का? ते म्हणाले, जिच्या घरी जेवणाबरोबर दूध प्यायचा विचार आहे, तिच्या घरी मांसही नाही. ज्यूंमध्ये मांस आणि दूध एकत्र खात नाहीत, हे माहीत असेल तर त्या उत्तराची खोली कळते. तिने मागितला होता धर्मनिर्णय. त्यांनी प्रश्न ऐकून तिचं सगळं ताट पाहिलं.

आपल्याकडच्या ज्यूंविषयी थोडं बोलतो. कोकणातले बेने इस्राएल, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली, शतकानुशतकं इतर ज्यूंपासून दूर राहिले. त्यांच्या सणांची नावं मराठी झाली. पुरिम हा होळीचा सण, नववर्ष हा नव्याचा सण, प्रायश्चित्ताचा योम किप्पूर हा दारफाळणीचा सण. आणि योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला ते शिळा सण म्हणत. त्या दिवशी गरिबांना दान करायचं आणि आप्तेष्टांच्या घरी जायचं. तलमूदच्या पंडितांशी संबंध नसलेल्या काळातही या समाजाने दानाचा दिवस सणाला जोडून ठेवला, ही गोष्ट मला विशेष वाटते. पुढे त्यांची पुस्तकंही मराठीत आली. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, आणि १८७४ मध्ये पुण्यात चित्रांसह. पेसाहच्या रात्री वाचायची ही पोथी. सुरुवातीलाच तिच्यात भुकेल्याला जेवायला आणि गरजवंताला सण करायला घरी बोलावणं आहे. मूळ बोलावणं अरामीत आहे, हिब्रूत नाही. कारण असं देतात की ती त्या काळी सर्वसामान्यांची बोली होती, आणि बोलावणं ज्याला करायचं त्याला ते समजलं पाहिजे. पुण्यामुंबईच्या घरांत ते मराठीत वाचलं गेलं, हे त्या कारणाला धरूनच झालं.

एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. सणाला एक दिवस दान करून लोक वर्षभराची टोचणी बुजवतात, त्यापेक्षा नेहमीची व्यवस्था करा. आक्षेप खरा आहे, आणि या शास्त्राला तो लागू पडत नाही. मैमोनिदिस लिहितात, की दानाचा निधी नसलेली ज्यू वस्ती आपण पाहिली नाही आणि ऐकलीही नाही. हा निधी दोघांनी मिळून गोळा करायचा, तिघांनी मिळून वाटायचा, दर शुक्रवारी. भुकेल्यासाठी रोजचं अन्न वेगळं. सणाचा हिस्सा या सगळ्याच्या वरचा. ज्या समाजाने रोजच्या भाकरीची सोय लावली नाही त्याने सणाच्या दानाची मिजास करू नये, हे मी मानतो. पण रोजची भाकरी दिली म्हणून सणाचं देणं फिटलं, असंही नाही. माणसाला भाकरीखेरीज आनंदही लागतो, आणि गरिबाचा आनंद ही चैन आहे असं समजणारी दया मला अपुरी वाटते.

आजच्या काळात हे नियम नव्या अडचणींना तोंड देत आहेत. पुरिमचे पैसे लोक आता मोबाइलवरून पाठवतात. पण दान त्याच दिवशी गरिबाच्या हाती पडलं पाहिजे. आठवडाभर आधी दिलं तर तो सणाआधीच खर्चून बसेल, अशी जुन्या भाष्यकारांना काळजी होती. म्हणून संस्था देणाऱ्याच्या वतीने पैसे आधी घेतात आणि पुरिमच्या दिवशी वाटतात. त्यातून एक प्रश्न निघाला आहे. तेल अवीवमध्ये पुरिम १४ तारखेला, यरुशलेममध्ये १५ ला. तेल अवीवच्या माणसाने १४ ला यरुशलेमच्या गरिबाला पैसे दिले. देणाऱ्याचा सण आज आहे, घेणाऱ्याचा उद्या. दोघांपैकी कुणाचा दिवस धरायचा? पंडितांची मतं वेगवेगळी आहेत. काही संस्थांनी त्यावर काढलेली वाट साधी आहे. ज्याचा पुरिम १४ ला त्याचे पैसे १४ ला सण असलेल्या गावच्या गरिबांना, आणि यरुशलेमकरांचे १५ ला यरुशलेममध्ये. मला विचाराल तर घेणाऱ्याचा दिवस धरावा असं मला वाटतं, आणि त्याचं कारण मी तासभर सांगत आलो आहे.